रजईच्या मशीनचं कर्नेल

रजईवाल्या काकांचं मशीन मंगळवारी दुपारी चालता चालता बंद पडलं, आणि वरच्या खोलीत बाळ जागं झालं. जागं झालं ते असं जागं झालं, की पुन्हा झोपेचं नाव घेईना.

काकांचं घर वर आणि कारखाना खाली. कारखाना आपला म्हणायचा, खरी एक लांबलचक खोली. एका भिंतीला कापसाचा ढीग, दुसऱ्या भिंतीला कापडाचे तागे आणि मधोमध रजया शिवायचं मशीन, दोन माणसांच्या पलंगाएवढं. सुईचं डोकं इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे यायचं, आणि कापडावर लाटा उमटत जायच्या. खिडकीतून ऊन आलं की कापसाचे तंतू त्यात तरंगत राहायचे, खाली बसायची त्यांना घाईच नसायची. त्या खोलीत जरा वेळ उभं राहिलं तरी पापण्या जड व्हायच्या. गिऱ्हाईकं भाव करायला यायची आणि जांभई देता देता कबूल होऊन जायची.

मशीन चालवायचा तो कोपऱ्यातला एक म्हातारा कॉम्प्युटर. त्यात डॉस. आताच्या पोरांना डॉस माहीत नसेल. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. आपण लिहायचं, त्यानं ऐकायचं. काकांना कॉम्प्युटरकडून एवढीच अपेक्षा होती, आणि खरं तर घरातल्या माणसांकडूनही.

लेक बाळाला घेऊन विश्रांतीला माहेरी आली होती. बाळाचं एकच होतं. खाली मशीन चालू असलं तर ते देवासारखं झोपायचं आणि मशीन थांबलं की भोंगा. आता मंगळवारपासून मशीन थांबलेलंच. लेकीची अवस्था अशी झाली, की गुरुवारी तिनं फोन कपड्यांच्या बादलीत भिजत घातला आणि साबण कानाला लावून नवऱ्याशी बोलत बसली.

"बाबा," ती डोळे मिटूनच म्हणाली, "रविवारपर्यंत मशीन सुरू झालं तर ठीक. नाहीतर मी सासरी जाते. तिकडे निदान रात्रंदिवस पंखे घरघरतात."

"अगं, आत्ताच तर आलीस!"

"आले, पण झोपले कुठं?"

वर्षानं लेक आलेली, नातवाचं तोंड अजून नीट बघून झालं नव्हतं, बघायला गेलं की ते उघडंच असायचं, रडण्यासाठी. काकांनी मामाला बोलावणं धाडलं.

मामा म्हणजे काकूंचा भाऊ. मीटरच्या ऑफिसात होता. ऑफिसात कॉम्प्युटर बिघडला की सगळे आधी मामाला बोलवायचे, आणि मामानं हात लावला की मग कारागिराला बोलवायचे. पण घरात त्याच्या शब्दाला मान होता. त्यानं येऊन कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि आत हात घातला.

"दाजी, डिस्क मेली."

"कशानं?"

"कापसानं. हे बघा, एक उशी होईल एवढा निघाला."

"उशी राहू दे. पुढं काय?"

"डिस्क मी आणतो, ऑफिसच्या अडगळीत एक मोठी पडलीय. पण तिच्यावर सिस्टीम बसवावी लागणार. जुनी डॉस आता कुठं मिळायची? तिच्यासारखीच वागणारी दुसरी आहे, फुकट. मशीनला कळणारसुद्धा नाही. फक्त..." मामानं खुर्ची ओढली. मामानं खुर्ची ओढली की ते प्रकरण लांबतं, हे काकूंना लहानपणापासून माहीत होतं. त्या चहा टाकायला गेल्या. "फक्त निवड नीट करायला पाहिजे. एक निवड इन्स्टॉलरची. तो सीडीवरचा येतो, पेनड्राइव्हवरचा येतो, त्यातही मोठा आणि छोटा, आणि फ्लॉपीवरचा येतो. दुसरी निवड कर्नेलची. कर्नेल म्हणजे सिस्टीमचा गाभा. त्यातही दोन. एक छोटं, अगदी जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं. एक मोठं, त्यानंतरच्या कॉम्प्युटरसाठी."

काकांनी बराच वेळ विचार केला. "म्हणजे कर्नेल हा आतला कापूस, आणि इन्स्टॉलर म्हणजे कापूस भरणारा माणूस."

"अगदी तसंच!"

"मग आपला कॉम्प्युटर जुना की फार जुना?"

"तेच तर कळत नाही. वर चिकटवलेली सालाची चिठ्ठी कोणीतरी ओरबाडून काढलीय."

"ती बाळाच्या आईनंच काढली होती, बाळ होती तेव्हा," आतून काकू म्हणाल्या.

आता काकांची एक पद्धत होती. त्यांच्या कारखान्यातली एकही रजई झोपून बघितल्याशिवाय बाहेर जात नसे. रजई शिवून झाली की काका ती अंगावर घेऊन कापसाच्या ढिगावर आडवे व्हायचे. डोळा लागला तर रजई पास. नाही लागला तर टाके उसवा. हीच पद्धत त्यांनी हळूहळू सगळ्यालाच लावली होती. लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, जावई कुठला करायचा, छपराला रंग कोणता द्यायचा, सगळं झोपून बघून. काकूंनी एकदा म्हटलंही होतं, की माझ्या वेळेला तुम्ही झोपला होतात का उठला होतात ते खरं सांगा.

तर काकांनी कर्नेलवर झोपून बघायचं ठरवलं. ते ढिगावर आडवे झाले. ऊन त्यांच्या पायांवरून पोटावर सरकलं. कापूस त्यांच्या दोन्ही बाजूंनी हळूच वर आला, आणि त्यांना दिसलं, की दारात दोघे पाहुणे उभे आहेत. एक किडकिडीत, बगलेत छोटीशी वळकटी. म्हणाला, मला जागा लागत नाही, कोनाड्यातही झोपतो. दुसरा धिप्पाड, मागे ट्रंकांची रांग. म्हणाला, माझी खोली कुठंय? दोघेही एकाच रजईखाली झोपले. किडकिडीत दिसेनासाच झाला, कुठं गेला म्हणून बघावं तर रजईचा एक टाका हलका हलका श्वास घेत होता. धिप्पाडाचे पाय मात्र बाहेर आले, खिडकीतून बाहेर गेले, रस्ता ओलांडून समोरच्या गच्चीवर टेकले, आणि त्यांवर दोन कबुतरं येऊन बसली.

काका उठले ते ठरवूनच. "छोटं घ्या."

"दाजी, स्वप्नावर सिस्टीम बसवायची का?"

"जावई बसवला की नाही?"

"मोठं घे रे," काकू चहा घेऊन आल्या. "नवी डिस्क मोठी आहे म्हणतोस ना? मोठ्या घरात मोठा माणूस शोभतो."

"अगं, पण मशीन छोटं मागत असेल तर?"

"मागतंय कुठं? ते तर मेलंय."

वरून बाळानं भोंगा लावला. लेक जिन्यावर येऊन म्हणाली, "छोटं घ्या, मोठं घ्या, नाहीतर दोन्ही एकदम घ्या, पण घ्या!" आणि परत जाताना भिंतीला "सॉरी" म्हणून गेली.

कर्नेलचं राहू दे, आधी इन्स्टॉलर ठरवू, असं ठरलं. मामानं ऑफिसातून डिस्क आणून बसवली आणि पेनड्राइव्हही भरून आणला. मोठा इन्स्टॉलर, सगळ्या सामानासकट, अगदी त्यात खेळ होते, गाणी वाजवायची सोय होती. मामानं कॉम्प्युटर पुढून बघितला, मागून बघितला, आडवा करून बघितला.

"काय शोधतोस?" काकूंनी विचारलं.

"भोक."

"कसलं?"

"पेनड्राइव्हचं. नाहीये."

"मग छोटा इन्स्टॉलर आणा," काका म्हणाले.

"दाजी, छोटा असला तरी तो त्याच भोकातून जातो."

दुसऱ्या दिवशी मामा सीडी घेऊन आला. कॉम्प्युटरला सीडीची ताटली होती. बटण दाबल्यावर ती ऐटीत बाहेरही आली. मामानं सीडी ठेवली, ताटली आत गेली, आतून दळणासारखा आवाज आला आणि ताटली परत बाहेर आली. सीडीवर दोऱ्याचं जाळं, मधोमध एक लाल रीळ.

"अगं बाई, सापडलं!" काकू म्हणाल्या.

काय होतं, काकूंना ती ताटली फार सोयीची वाटायची. बटण दाबलं की शेल्फ तयार. सुया, रिळं, कधी चष्मा, सगळं त्या तिच्यावर ठेवायच्या. एकदा कोणीतरी बटण पुन्हा दाबलं, आणि काकूंचं रीळ आत गेलं. मामानं चिमट्यानं अजून थोडं ओढलं तर दोरा येतच राहिला, येतच राहिला. काकांनी तो आपला शांतपणे बोटाला गुंडाळून घेतला. सीडीचा रस्ता बंद झाला.

"राहिल्या फ्लॉप्या," मामा म्हणाला. "पण एवढ्या फ्लॉप्या आता आणायच्या कुठून?"

काकूंनी चहाचा कप उचलला. कपाखाली फ्लॉपी होती.

मामानं आपला कप उचलला. त्याखालीही होती. काकांच्या कपाखाली निळी होती. पाणी पिण्याच्या माठाखाली, डळमळत्या टेबलाच्या पायाखाली, औषधाच्या बाटलीखाली. घरभर फ्लॉप्या निघाल्या. जुन्या नक्ष्यांच्या होत्या, काम झाल्यावर काकूंनी त्यांना घरकामाला लावलं होतं.

"ताई, ह्यावर चहाचे डाग आहेत."

"पुसून घे. आतपर्यंत कुठं जातोय चहा?"

थोडा गेला होता. काही फ्लॉप्यांचं सरकतं झाकण साखरेनं चिकटलेलं. मामानं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या, दोरीवर चिमटे लावून वाळवल्या. लंगोटांच्या शेजारी फ्लॉप्या वाऱ्यावर झुलत राहिल्या. ज्या वाचल्या त्या मामानं ऑफिसात नेल्या. तिथल्या अडगळीतल्या कॉम्प्युटरवर त्यांच्यात इन्स्टॉलर भरला, छोटं आणि मोठं दोन्ही कर्नेलं घातली, आणि शनिवारी जेवणं झाल्यावर सगळे खाली जमले. लेकही बाळाला खांद्यावर टाकून आली. मशीनचा पहिला टाका पडताना मला तिथं असायचंय, म्हणाली, आणि कापसाच्या ढिगात बसली. खरं तर रुतली.

मामानं खाचेतली जुनी फ्लॉपी काढून ठेवली आणि पहिली सरकवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आधी विचारलं, डिस्क पुसायची का? डिस्क रिकामीच होती, हो म्हटलं. मग विचारलं, कर्नेल कुठलं, छोटं की मोठं?

"छोटं," काका म्हणाले.

"मोठं," काकू म्हणाल्या.

मामाचं बोट दोघांच्या मध्ये हवेत. मग काका म्हणाले, "थांबा. पुन्हा एकदा झोपून बघतो."

"आत्ता? दाजी, ते वाट बघतंय."

"बघू दे. त्याला काय काम आहे?"

काका आडवे झाले. पडद्यावरची रेघ उघडमीट करत राहिली. काकू "मीही जरा टेकते" म्हणाल्या. मामानं इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले आणि एक कळ दाबली. कुठली दाबली ते त्यालाही कळलं नाही. पण इन्स्टॉलर खूश झाला आणि कामाला लागला.

गर्र... टक टक... गर्र. फ्लॉपी आतून घशातल्या घशात बोलायला लागली. मामानं एक काढली, दुसरी घातली. गर्र... टक. ऊन ताग्यांवर चढलं. कापसाचे तंतू उन्हात वर गेले, तिथंच थांबले. मामाला वाटलं आपण ऑफिसातच आहोत, आणि सगळे मीटर उलटे फिरताहेत, हळूहळू, लोकांनी वापरलेली वीज लोकांना परत देताहेत, आणि लोक रांगेत उभं राहून ओंजळीत घेऊन चाललेत. त्यानं तिसरी घातली. काकूंना दिसलं, लाल दोरा अजून येतोच आहे आणि त्यांनी त्याचा रस्ता विणलाय, माहेरापर्यंत. काका दोन पाहुण्यांना चहा देत होते आणि कपाखाली ठेवायला काही सापडत नव्हतं. गर्र... टक टक. मामा न बघता फ्लॉप्या बदलत होता, झोपेत माणूस कूस बदलतो तसा.

मग कॉम्प्युटरनं मोठ्यानं "बीप" केलं. काम झालं होतं. सगळे दचकले, जो तो म्हणाला, "मी जागाच होतो," आणि बाळानं भोंगा लावला.

"आता बघा!" मामा उठला. मशीनचा प्रोग्राम आणि नक्षी त्या काढून ठेवलेल्या जुन्या फ्लॉपीवर होती, ती एरवी कायम खाचेतच असायची. मामानं तिच्यावरचं सगळं उचलून नव्या डिस्कवर टाकलं, चार ठिकाणी काहीतरी लिहिलं, दोन ठिकाणी खोडलं आणि कळ दाबली. मशीन खडाखड सुरू झालं. सुईचं डोकं निघालं, कापडावर लाट उमटली, मागे दुसरी लाट. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्यांनी बाळाकडे बघितलं.

बाळ जास्त रडायला लागलं.

"सवय मोडली असेल," काका म्हणाले. "जरा ऐकू दे."

ऐकू दिलं. मशीनजवळ नेलं, मशीनपासून लांब नेलं, वर नेलं, खाली आणलं. अख्खी रजई शिवून झाली तरी बाळाचा सूर उतरला नाही. लेक वर गेली आणि तिनं बॅग काढली. कपाटाची दारं आपटल्याचं खाली ऐकू येत होतं. काकांनी मशीन बंद केलं. ते कापसाच्या ढिगावर बसले, पण आडवे नाही झाले.

"मोठं घ्यायला पाहिजे होतं," काकू हळूच म्हणाल्या.

"मोठंच घेतलंय बहुतेक," मामा म्हणाला. "किंवा छोटं."

रविवारी सकाळी लेक एका हातात बॅग आणि खांद्यावर रडतं बाळ घेऊन खाली उतरली. जावई न्यायला येणार होते. मामा मुद्दाम निरोप द्यायला आला होता आणि काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलत होता.

"काही म्हणा दाजी, मशीन मात्र सुधारलं. पूर्वी दर ओळीला ते नक्षी फ्लॉपीवरून वाचायचं. सारखं आपलं गर्र गर्र. आता डिस्कवरून वाचतं. आवाज नाही, काही नाही."

लेकीनं बॅग खाली ठेवली.

"मामा, काय म्हणालास?"

"आवाज नाही, काही नाही."

"त्याच्या आधी."

"गर्र गर्र?"

लेक कॉम्प्युटरकडे बघत राहिली. मग वर छताकडे. कॉम्प्युटरचा कोपरा बरोबर बाळाच्या खाटेखाली येत होता. "काल फ्लॉप्या चालू होत्या तेव्हा बाळ कुठं होतं?"

"तुझ्याजवळ."

"रडत होतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच सांगू शकेना. सगळे जागेच होते ना.

"मामा, नक्षी परत फ्लॉपीवर टाक."

मामा पुढे झाला, खुर्चीवर बसला, बोटं मोडली आणि तसाच बसून राहिला. "पोरी, एक सांगू का? काल मी ते कसं केलं, मला माहीत नाही. चार ठिकाणी लिहिलं, पण कुठली चार? आता हात लावला तर मशीन जाईल."

"हात लावायचा नाही!" काका आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात म्हणाले.

"मग ते कालचंच लाव. इन्स्टॉलर."

"अगं, सिस्टीम बसलीय. पुन्हा कशाला?"

"बसलेलीच पुन्हा बसव. न पुसता, वरच्यावर."

मामानं मान खाजवली. तसं करता येत होतं. न पुसता तेच सामान त्याच जागी पुन्हा ठेवायचं, मशीनच्या फायलींना धक्का न लावता. त्यानं पहिली फ्लॉपी घातली, ती सुरुवातीचं वाचायला लागली. गर्र... टक टक.

बाळ हुंदक्याच्या मध्येच थांबलं. त्यानं कान दिला. गर्र. एक डोळा मिटला. टक. दुसरा मिटला. लेकीनं त्याला कापसात ठेवलं, आणि ठेवता ठेवता तीही त्याच्या शेजारी अशी कलंडली, की बूट काढायचेही राहिले. काकूंनी तिच्यावर कालची रजई घातली, जी अंगावर घेऊन अजून कोणी झोपून बघितलं नव्हतं. काकांनी वाकून पाहिलं. रजई पास झाली होती.

पडद्यावर प्रश्न आला. कर्नेल कुठलं?

काका मामाच्या कानाशी आले. "छोटं दाबा."

"हळू दाजी. छोटं तर छोटं."

फ्लॉप्या संपल्या. मामानं आवाजाची तार आधीच उपटून ठेवली होती, त्यामुळे बीप झालं नाही. पण शांतता झाली, आणि बाळाच्या कपाळाला आठी पडली. मामानं घाईघाईनं पहिली फ्लॉपी परत घातली. पुन्हा प्रश्न आला. ह्या वेळी काकूंनी खूण केली, मोठं. मामानं मोठं दाबलं. मशीनला काही फरक पडत नव्हता, ते दोन्हींवर सारखंच चालायचं, हे मामाला आता कळलं होतं. पण ज्यावरून घरात एवढं रण माजलं, ते बिनमहत्त्वाचं होतं हे बहिणीला आणि दाजींना सांगायची त्याची छाती झाली नाही.

जेवणाच्या वेळेला जावईबापू आले. दार ढकललं तर आत उन्हाचा एक मोठा तुकडा आणि त्यात तरंगणारा कापूस. ढिगावर बायको, बाळ, सासू, सासरे, सगळे ओळीनं झोपलेले. बॅग तशीच पायरीशी. कोपऱ्यात एकटा मामा जागा, मांडीवर फ्लॉप्यांची चळत, डोळे लाल, चेहरा मात्र फार मोठं काम सोपवल्यासारखा.

जावईबापू चवड्यांवर चालत त्याच्याजवळ आले. त्यांना फोनवरून सगळं रोजच्या रोज कळत होतं, साबणावरून बोलली होती ते सोडून. त्यांनी वाकून कुजबुजत विचारलं, "मामा, मशीन झालं म्हणे! मग शेवटी कुठलं कर्नेल घेतलंत?"

मामानं ओठांवर बोट ठेवलं, चळतीतली पुढची फ्लॉपी सरकवली आणि गर्र झाल्यावरच बोलला.

"हळू. अजून ठरत नाहीये."

जावईबापूंनी बूट काढले.